एक सर्व्हर, अनेक संकेतस्थळे

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदतात, त्याप्रमाणे एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे राहू शकतात. मात्र वाड्याचा पत्ता एकच असल्याने पत्रावर बिऱ्हाडकरूचे नाव हवे. प्रारंभीच्या पद्धतीत संगणकाच्या मागणीत हे नाव नसे. म्हणून प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र आयपी पत्ता द्यावा लागे. चौथ्या आवृत्तीतील असे पत्ते सुमारे ४३० कोटीच. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने प्रत्येक मागणीत संकेतस्थळाचे नाव अनिवार्य केले. ते वाचून सर्व्हर योग्य ते पान धाडतो. कूटबद्ध जोडणीत हे नाव आरंभीच कळविण्याची सोय २००३ साली झाली.

यामुळे लहानशा ग्रामपंचायतीस वा शाळेसही अल्प खर्चात संकेतस्थळ ठेवता येते. परंतु खर्चाप्रमाणे धोकाही सामाईक असतो. सर्व्हर बंद पडला की सारीच संकेतस्थळे बंद पडतात. एकाची ढिलाई शेजाऱ्यास भोवते. यास्तव प्रत्येक संकेतस्थळाचे खाते व परवलीचा शब्द स्वतंत्र असावा, आज्ञावली वेळच्या वेळी अद्ययावत करावी आणि सर्व मजकुराची एक प्रत अन्यत्र जपून ठेवावी. गावचे दाखले व शाळेचे निकाल दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नष्ट होता कामा नयेत.