तानसाचें पाणी आणि अमेरिकेंतील फेडरल न्यायालयें

शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें आणि तेव्हांपासून तें मुंबईची तहान भागवीत आलें आहे. तलावाभोंवतीचें रान आज अभयारण्य आहे. या रानांत कोणी शिकार केली, तर त्याजवर १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याखालीं खटला होतो. हा कायदा दिल्लीच्या संसदेचा. त्याच मुलखांत कोणी हातभट्टी लावली, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा बडगा बसतो, आणि तो कायदा मुंबईच्या विधिमंडळाचा. कायदे करणारे दोन. परंतु खटला चालतो तो शहापूरच्याच मॅजिस्ट्रेटपुढें. त्याच्या निकालावर अपील ठाणे जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाकडे होतें, पुढें दाद मागावयाची ती मुंबईच्या उच्च न्यायालयांत, आणि क्वचित् प्रसंगीं दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत. शिडी एकच. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, संघराज्यांत याहून निराळें कांहीं असूं शकेल हें सहसा मनांतच येत नाहीं.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत तें निराळें आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरासही मुंबईप्रमाणेंच दूरच्या डोंगरांतील तलावाचें पाणी येतें. तो हेच हेची तलाव योसेमिटी नांवाच्या राष्ट्रीय उद्यानांत असून त्याचें धरण १९२३ सालीं पुरें झालें. त्या उद्यानांत चोरून शिकार करणारा मनुष्य फेडरल न्यायालयाच्या मॅजिस्ट्रेटपुढें उभा राहतो. तोच मनुष्य उद्यानाबाहेर शेजारच्या गांवांत चोरी करील, तर त्याचा न्याय कॅलिफोर्निया संस्थानाचें कोर्ट करील. इमारत निराळी, न्यायाधीश निराळे, त्यांचा पगार देणारा खजिनाही निराळा. एकाच मुलखांत दोन शिड्या शेजारींशेजारीं उभ्या आहेत.

याचें कारण इतिहासांत आहे. १७८७ सालीं घटना लिहिली गेली तेव्हां तेरा संस्थानांत त्यांचीं त्यांचीं कोर्टें आधींच होतीं, व तीं मोडण्यास कोणी तयार नव्हतें. म्हणून १७८९ च्या कायद्यानें त्यांच्या शेजारीं संघराज्याचीं नवीं कोर्टें बसविलीं. आज तळाशीं ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टें आहेत. एकट्या कॅलिफोर्नियांत चार. साक्षीपुरावा होतो तो तेथें, आणि ज्यूरी बसते तीही तेथेंच. त्यांच्यावर १३ अपील कोर्टें. तेथें बहुधा तीन न्यायाधीश एकत्र बसून खालच्या कोर्टानें कायदा नीट लावला कीं नाहीं एवढेंच तपासतात. सर्वांवर सुप्रीम कोर्ट. त्याच्या न्यायाधीशांची संख्या १८६९ पासून नऊ आहे. कोणतें अपील ऐकावयाचें हें बहुतांशीं तेंच ठरवितें, आणि नऊपैकीं चौघांनीं होकार दिल्याखेरीज प्रकरण सुनावणीस येत नाहीं.

राज्यघटनेचा किंवा काँग्रेसच्या कायद्याचा प्रश्न असेल, अथवा संघसरकार स्वतः पक्षकार असेल, तर फेडरल कोर्टाचें दार उघडतें. दोन निरनिराळ्या संस्थानांच्या नागरिकांत ७५,००० डॉलरांहून मोठा दावा असेल तरीही उघडतें. परगांवच्या सावकारास गांवच्या पंचांपुढें उभें राहण्याची जी धास्ती वाटते, तीच या नियमाच्या मुळाशीं आहे.

फेडरल न्यायाधीशांस राष्ट्राध्यक्ष सीनेटच्या संमतीनें नेमतो व ते सद्वर्तन असेतों पदावर राहतात. त्यांचा पगारही कमी करतां येत नाहीं. उलट अनेक संस्थानांत न्यायाधीश मतदानानें निवडले जातात. मतें मागत दारोदार फिरणारा न्यायाधीश आपल्याकडे कोणास रुचणार नाहीं; पण राष्ट्राध्यक्षाच्या नेमणुकींतही पक्षाचा रंग उतरतो, हेंही खरें.

या भेदाचें मोल हेच हेचीच्याच एका खटल्यांत दिसून आलें. १९१३ च्या रेकर कायद्यानें काँग्रेसनें ती सरकारी जमीन शहरास वापरावयास दिली, परंतु तेथील पाणी वा वीज खासगी कंपनीस पुढें विकण्यासाठीं देऊं नये अशी अट घातली. शहरापाशीं घरोघर वीज पोंचविणारें स्वतःचें जाळें नव्हतें. १९२५ पासून त्यानें ती वीज पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या हवालीं केली. कंपनी आमची केवळ दलाल आहे, असें शहराचें म्हणणें. संघसरकारनें दावा लाविला. सॅन फ्रॅन्सिस्कोंतच बसणाऱ्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टानें शहराविरुद्ध मनाई हुकूम दिला. अपील कोर्टानें तो फिरविला. शेवटीं १९४० सालीं सुप्रीम कोर्टानें पहिला निकाल कायम केला: नांव कांहींही द्या, ही विक्रीच आहे. त्या पहिल्या न्यायाधीशास शहरांतल्या मतदारांकडे मतें मागावयास जावयाचें असतें, तर त्याची कसोटी किती लागली असती याचा विचार श्रोत्यांनींच करावा. निकालानंतर १९४१ सालीं विजेचें जाळें विकत घेण्यासाठीं कर्ज काढण्याची योजना मतदारांपुढें आली, ती त्यांनीं फेटाळली.

आपल्याकडेही एके काळीं फेडरल कोर्ट होतें. १९३५ च्या कायद्यान्वयें तें १९३७ सालीं दिल्लीस सुरू झालें, व त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. परंतु त्याच्याखालीं स्वतंत्र फेडरल कोर्टें कधींच नव्हतीं. तें प्रांतांच्या हायकोर्टांवरच बसविलेलें होतें. १९५० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची जागा घेतली आणि शिडी एकच राहिली. म्हणूनच तानसाकाठच्या एखाद्या पाड्यास पाण्याच्या वांट्याविषयीं तक्रार करावयाची असेल, तर ती मुंबई महापालिकेविरुद्ध, राज्याविरुद्ध कीं केंद्राविरुद्ध, यावरून कोर्ट बदलत नाहीं. घटनेच्या २२६ व्या कलमाखालीं अर्ज करावयाचा तो मुंबईच्या उच्च न्यायालयांतच.