गुडघा माझा, सीट सायकलची
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सेक्रेटरींनी आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मी बँकेत लेजरं तपासलेला माणूस, डॉक्टर नाही. तेव्हा बोलणार ते फक्त माझ्या उजव्या गुडघ्याबद्दल.

वयाच्या ६८ व्या वर्षी मी पुन्हा सायकल घेतली. कॉलेजची वर्षं पुण्यात सायकलवरच गेली, मग त्यात शिकायचं काय? दोन महिन्यांत गुडघ्याची वाटी ठणकायला लागली. जिना उतरताना कठडा धरू लागलो. जो तो म्हणे, वय झालं. सौ. म्हणाली, “देऊन टाका ती कुणाला तरी.” खरं सांगतो, खचलो होतो. रिटायर झाल्यावर तो सकाळचा एक तासच काय तो माझा होता.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. तिने गुडघा तपासला आणि म्हणाली, “काका, उद्या सायकल घेऊन या.” हे तोवर कुणीच म्हटलं नव्हतं!

सीट तब्बल तीन बोटं खाली निघाली. दुकानदाराने दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी ती बसवली होती, आणि मीही खूश होतो. पण सीट खाली असली की पाय पुरेसा सरळ होत नाही. जोर वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला ६० फेरे धरले, तर तासाला ३६०० वेळा. पैशाची चूक ३६०० वेळा झाल्यावर ताळेबंद कसा जुळणार?

तिने शिकवलेली खूण सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पेडलवर चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीट फार वर गेली तर कंबर डुलते आणि गुडघ्यामागे ओढ बसते. सीटच्या दांड्यावर मर्यादेची खूण असते, तिच्यापुढे दांडा बाहेर काढू नका. हँडल लांब पडलं तर मान, कंबर धरते, करंगळीला मुंग्या येतात.

नुसत्या सीटने भागलं नाही, बरं का. ३५ वर्षं खुर्चीत बसून मांड्या लुळ्या पडल्या होत्या. उताणं झोपून सरळ पाय वीतभर उचलायचा आणि दहा आकडे मोजायचे. मग कुशीवर वळून वरचा पाय उचलायचा. भयंकर कंटाळवाणं! तीन महिने केलं. जड गिअरवर रेटायची हौसही सोडली. आता हलका गिअर, भरभर पाय. आठवड्यातून तीनदा २० किलोमीटर होतात. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, नाही असं नाही. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग पाना.

आपल्या पार्किंगमधल्या मुलांच्या सायकली बघा. पोरं वीतभर वाढली, सीट तिथल्या तिथेच. रविवारी सकाळी सातला मी पाना घेऊन बी विंगखाली असतो. मुलांना पाठवा, आणि आजोबांनाही.