तंबूपासून घरापर्यंत

(श्रीलंकेतील युद्धोत्तर साहाय्य व पुनर्वसन कार्याविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मे २००९ मध्ये मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर श्रीलंकेतील यादवी युद्धाचा शेवट झाला. जुलै १९८३ पासून पेटलेली आग विझली म्हणून कोलंबोत आनंदोत्सव झाला. त्याच दिवसांत वन्नी प्रदेशातील जवळजवळ तीन लाख तमिळ माणसे वावुनिया जिल्ह्यातील छावण्यांत दाखल होत होती. त्यांतील सर्वांत मोठी छावणी चेट्टिकुलमजवळची मेनिक फार्म. जंगल साफ करून उभारलेले तंबू आणि पत्र्यांचे निवारे, पाण्यासाठी रांगा आणि चहूबाजूंनी काटेरी तारांचे कुंपण. आज विचार करायचा आहे तो या कुंपणाच्या आत आणि नंतर बाहेर झालेल्या साहाय्यकार्याचा.

युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत अन्न नेणाऱ्या आणि जखमींना बाहेर काढणाऱ्या हातांची संख्या फार थोडी होती. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने सुरक्षेची हमी नाकारल्यावर संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी किळिनोच्चीहून निघून आले. त्या वेळी तेथील लोक ‘आम्हाला सोडून जाऊ नका’ अशी विनवणी करीत होते. पुढे २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत चौकशीने या वागणुकीवर कठोर ताशेरे ओढले. मागे राहिली ती आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस. फेब्रुवारी ते मे २००९ या काळात तिने समुद्रमार्गे सुमारे चौदा हजार जखमी, आजारी व त्यांचे सोबती बाहेर आणले. लढणारे दोन्ही पक्ष गोळीबार थांबवतीलच याची शाश्वती नसताना बोटी किनाऱ्याला लागत होत्या, हे ध्यानात घ्यावे.

या जखमींसाठी भारताने मार्च २००९ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील पुलमोड्डै येथे वैद्यकीय पथक पाठवले. पुढे ते मेनिक फार्मजवळ हलवण्यात आले. सप्टेंबरपर्यंत पथकाने पन्नास हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार केले. कुटुंबांसाठी कपडे, भांडी व धान्याची अडीच लाख पाकिटे भारतातून गेली. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेचे ११०० हून अधिक जवान याच बेटावर धारातीर्थी पडले आणि जाफनाच्या घराघरांतही त्या दिवसांच्या कडू आठवणी आहेत. एवढा इतिहास मध्ये उभा असताना डॉक्टरांच्या तंबूसमोर रांग लागली. रांगेतल्या आईला इतिहासापेक्षा मुलाच्या जखमेची चिंता अधिक होती.

मात्र एक प्रश्न टाळता येत नाही. कुंपणाआड कोंडलेल्या माणसांना अन्न पुरवणे म्हणजे त्या कोंडण्याला हातभार लावणे नव्हे काय? छावणीतून बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली ती डिसेंबर २००९ मध्ये आणि छावणी पूर्णपणे बंद झाली सप्टेंबर २०१२ मध्ये. अनेक साहाय्य संस्था या पेचात सापडल्या. मदत थांबवली तर लेकरे उपाशी. चालू ठेवली तर कोंडवाडा टिकतो. बहुतेकांनी मदत चालू ठेवली आणि सोडवणुकीचा आग्रहही धरला. याहून वेगळा मार्ग घेणे त्या स्थितीत कोणालाही शोभले नसते.

छावणी सुटली तरी गावी जायचे कसे? शेतात सुरुंग होते. वाघांनी बनवलेला ‘जॉनी’ सुरुंग लाकडी पेटीतला; त्यात धातू नाममात्र, म्हणून शोधकयंत्राला तो सहज सापडत नाही. त्यामुळे श्रीलंकेत एक साधी पद्धत रूढ झाली. लांब दांड्याच्या दाताळ्याने जमीन थोडी थोडी बाजूने उकरत जायची आणि सुरुंगाची कड उघडी पाडायची. शेतकऱ्याच्या हातातले अवजार, फक्त अंगावर जाड चिलखत आणि तोंडावर पारदर्शक मुखवटा. हे काम करणाऱ्यांत तमिळ स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील कित्येकींचे पती युद्धात गेले. भारतीय लष्करातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांची पथकेही या कामात होती. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे नाव मराठी वाचक लष्करी इतिहासाचे लेखक म्हणून जाणतात. श्रीलंकेतील सुरुंग काढण्याच्या कार्यातही त्यांचा सहभाग होता.

ज्यांचे पाय आधीच गेले होते, त्यांच्यासाठी २०१० मध्ये मेनिक फार्ममध्येच जयपूर फूटचे शिबिर भरले आणि सुमारे चौदाशे जणांना कृत्रिम अवयव बसवण्यात आले. हा पाय अनवाणी वापरता येतो, त्याने मांडी घालता येते, भाताच्या चिखलात उतरता येते. परदेशी बनावटीच्या महागड्या पायाला हे जमत नाही, म्हणून वन्नीच्या शेतकऱ्याला तो आपलासा वाटला.

सर्वांत मोठे काम घरांचे. जून २०१० मध्ये भारताने पन्नास हजार घरांची योजना जाहीर केली. पहिली एक हजार घरे कंत्राटदारांकडून बांधून घेण्यात आली, काम रेंगाळले. २ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेल्या पुढच्या टप्प्यात मार्ग बदलला. उत्तर व पूर्व प्रांतांतील कुटुंबाने स्वतःचे घर स्वतः बांधायचे आणि प्रत्येकी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने, काम पुढे सरकेल तसे, थेट बँक खात्यात यायचे. मधला माणूस नाही. ज्या बाईने आयुष्यात बँकेची पायरी चढली नव्हती तिने खाते उघडले, गवंड्याशी भाव ठरवला, सिमेंटच्या गोण्या मोजून घेतल्या. या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता.

तरीही ती निर्दोष नव्हती. सगळीकडे एकाच वेळी बांधकामे निघाल्याने वाळू, विटा आणि मजुरी महागली. काहींनी ऐपतीपेक्षा मोठे घर काढले. दागिने गहाण पडले, कर्जे झाली. घर मिळाले, पण उत्पन्नाचे साधन नाही, ही तक्रार रास्त होती. युद्धकाळात बंकरसाठी ताडाची असंख्य झाडे तोडली गेली होती. ताडगूळ, चटया आणि सुपे यांवर जगणाऱ्या घरांना नवे झाड वाढेपर्यंत अनेक वर्षे वाट पाहणे भाग होते.

१९९० मध्ये बंद पडलेली जाफनाची रेल्वे भारताच्या ‘इरकॉन’ कंपनीने पुन्हा बांधली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘याळ देवी’ गाडी चोवीस वर्षांनी जाफनात शिरली. मन्नारच्या तिरुकेतीश्वरम् शिवमंदिराचा जीर्णोद्धारही भारतीय साहाय्याने झाला. २०२२ मध्ये तेथे कुंभाभिषेक पार पडला.

पलालीच्या विमानतळाभोवती लष्कराने घेतलेली जमीन मात्र तुकड्यातुकड्यांनीच परत मिळत गेली. मुहमालैच्या पट्ट्यात, जेथे वर्षानुवर्षे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती, दाताळी घेतलेल्या स्त्रियांचे काम युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिले. श्रीलंकेने २०१७ मध्ये सुरुंगबंदीचा करार स्वीकारला. देश सुरुंगमुक्त करण्याची मुदत २०२८ ची आहे. आणि किळिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ मध्ये काही माता रस्त्याच्या कडेला मांडव घालून बसल्या. त्यांनी घर मागितले नाही, पैसा मागितला नाही. शरणागतीच्या वेळी लष्कराच्या हवाली केलेला मुलगा कोठे आहे, एवढेच त्या विचारत होत्या.