घेतलेल्याला करंट कमी लागत नाही
(वाळूज येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज दारूची आणि करंटची गोष्ट काय काढली, असे काही जणांना वाटेल. पण उत्पादनखर्चाच्या हिशोबात बियाणे येते, खत येते, मजुरी येते. रात्री मोटार चालू करायला गेलेला आणि परत न आलेला माणूस मात्र त्यात कुठेच येत नाही. आज त्याचा हिशोब मांडू.

पारावर एक समज नेहमी ऐकायला मिळतो. घेतलेल्या माणसाला शॉक कमी लागतो म्हणतात. थोडी टाकली की थंडीही वाजत नाही आणि करंटही जाणवत नाही म्हणतात. यातले 'जाणवत नाही' तेवढे खरे आहे. 'लागत नाही' हे साफ खोटे आहे. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत माणूस मरतो.

करंट शरीरातून किती जाईल हे दोन गोष्टींवर ठरते: दाब किती आणि अडथळा किती. एका फेजचा दाब 230 व्होल्ट, दोन फेजांमध्ये 400 च्या वर. अडथळा मुख्यतः कातडीचा. हात कोरडा आणि घट्टे पडलेला असेल तर हा अडथळा हजारो ओहम असतो, कधी लाखापर्यंतही जातो. तोच हात ओला असला, पाय चिखलात असले, तर तो हजाराच्या आसपास उतरतो. म्हणजे 230 मिलीअँपिअर करंट अंगातून गेला. 1 मिलीअँपिअरला चुणचुण लागते. 10 च्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वायर सोडवत नाही. 50 ते 100 ला हृदयाचा ठोका बिघडून ते नुसते थरथरत राहते. साठचा बल्ब सुमारे 260 मिलीअँपिअर घेतो. त्याच्या पाचव्या हिश्शात माणूस संपतो.

आता यात दारू काय करते? रक्तात दारू मिसळते ती हजारात एखादा भाग. तेवढ्याने शरीराचा अडथळा वाढत नाही. उलट दारूने कातडीकडे रक्त धावते, अंग गरम होते, घाम येतो, आणि घामाने ओली कातडी म्हणजे उघडे दार. दारू बोथट करते ती मेंदूला. स्टार्टरच्या पेटीला हात लागताच जी चुणचुण होते, ती आपल्याला मिळालेली फुकटची सूचना आहे. शुद्धीतला माणूस हात मागे घेतो आणि अर्थिंग पाहतो. घेतलेला माणूस 'काही नाही होत' म्हणून पेटी उघडतो. त्याला बॅटरी धरायची आठवण राहत नाही, चप्पल राहत नाही, डीपीचा स्विच खाली ओढायचा राहून जातो. शिवाय जास्त दारूने हृदयाचा ठोका बिघडू शकतो, हे डॉक्टरांनी 1978 पासून नोंदवून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, संध्याकाळी घेतली, रात्री दोनला लाइट आली, तोवर उतरते. तोही हिशोब करू. एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध दारू असते. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम जाळते. म्हणजे सहा ते साडेआठ तास लागतात. आठ वाजता घेतलेली क्वार्टर दोन वाजता पुरती उतरलेली नसते. लिंबू, ताक, चहा यांनी झोप उडेल, दारू उतरत नाही. ज्या रात्री दारे धरायची पाळी, त्या रात्री घ्यायची नाही. हा नीतीचा उपदेश नाही, साधे गणित आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विहिरीवर माणूस पडलेला दिसला, तोंडाला वास आला, की लोक म्हणतात, 'पडू द्या, प्यालाय.' या एका वाक्याने वाचण्यासारखा माणूस जातो. मोटारीजवळ पडलेला प्रत्येक माणूस शॉकचा समजा. आधी वीज तोडा, तोपर्यंत त्याला हात लावू नका. घरगुती दाबाची वायर कोरड्या लाकडाने बाजूला करता येते. 11 हजारांच्या लाइनच्या जवळपासही जाऊ नका. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबत राहा आणि 108 ला फोन लावा. दाबणे थांबवू नका.

आता दोष कोणाचा? रात्री अंधारात ओल्या शेतात उतरायची हौस शेतकऱ्याला नाही. वाळूजच्या वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत. 2016 च्या दुष्काळात त्यांच्या पाण्याला कात्री लावायला खंडपीठाला हुकूम काढावा लागला. कारखान्याला वीज चोवीस तास आणि शेताला पाळीने. 2017 मध्ये सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, ती दिवसा वीज देण्यासाठीच. दिवसाची वीज ही चैन नाही, हे त्यातच मान्य झाले. मग जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे ती का, हे आपण विचारले पाहिजे.

आणि माणूस गेला की 'दारू पिऊन मेला' असा शिक्का मारू देऊ नका. शेतकरी अपघात योजनेत शॉकने मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख मिळतात, पण नशेत झालेला अपघात त्यातून वगळला आहे. म्हणून पंचनाम्यात पारावरची बोली जायला नको. तारेची अवस्था, अर्थिंग, फुटलेली पेटी हे सगळे लिहून घ्या. पोस्टमॉर्टेम टाळू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षकाची चौकशी मागा. तुटलेल्या तारेने माणूस गेला तर वीज मंडळाला निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई द्यावी लागेल, असा निकाल सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशच्या शैलकुमारी प्रकरणात 2002 मध्ये दिला. कोणा तिसऱ्याने चोरून वायर जोडली होती, ही मंडळाची सबब कोर्टाने ऐकली नाही.

आपली पोरे वसाहतीत कंत्राटावर आहेत. ज्यांना ई.एस.आय. लागू नाही त्यांना भरपाईचा कायदा आहे; 1923 चा जुना कायदा 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. कामावर मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर कामगार प्यालेला होता ही सबब त्या कायद्यात मालकाला चालत नाही. हे घरोघर सांगा.

गावी गेल्यावर तीन कामे करा. प्रत्येक मोटारीचे अर्थिंग तपासा, कोळसा-मीठ घालून पाणी द्या. गळणारा करंट ओळखून आपोआप वीज तोडणारा ई.एल.सी.बी. बसवून घ्या. आणि डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकायला चढू नका. लाइनमन येत नसेल तर गावाने मिळून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ज्वारीला एक पाणी उशिरा मिळाले तर चार पोती कमी होतील. ती पुढच्या साली भरून निघतात. माणूस निघत नाही.