टॅली दोन्ही टोकांना लागली पाहिजे
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. मला विषय दिलाय, विद्यापीठं, आंतरराष्ट्रीय संस्था आणि शाश्वत विकास. शब्द जड आहेत. पण जड उचलायची आपल्याला सवय आहे.

आधी 'शाश्वत' घ्या. बापजाद्यांच्या गावात विहीर आटायची, पीक जळायचं, सावकार मरून दुसरा यायचा. जात तेवढी जागेवर. आणि बुद्ध सांगून गेला, शाश्वत काहीच नसतं. म्हणून हा शब्द आला की मी विचारतो, नेमकं काय टिकवायचं म्हणता?

सप्टेंबर 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टं ठरवली. त्यांखाली 169 लक्ष्यं, मुदत 2030. सतरावं उद्दिष्ट भागीदारीचं. घोषणा अशी की, कुणालाही मागं ठेवायचं नाही. दहाव्या उद्दिष्टात वय, लिंग, अपंगत्व, वंश, धर्म सगळं नाव घेऊन लिहिलंय. 'जात' हा शब्द मात्र 169 लक्ष्यांत एकदाही नाही. त्याआधी 2001 साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा विषय नको म्हणून अडून बसलं होतं, ते आपलंच सरकार. बाहेरच्यांना शिव्या देताना हे विसरू नका.

आता घराजवळचं बघा. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. 1956 साली संयुक्त राष्ट्रं, भारत सरकार आणि टाटांचा ट्रस्ट यांनी मिळून उभी केली. 1985 पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच करते. 1992-93 च्या पहिल्या पाहणीला पैसा अमेरिकेच्या यूएसएडचा. या पाहणीत जात विचारतात. विचारली, म्हणून 2015-16 साली कळलं की पाच वर्षांखालच्या अनुसूचित जातींच्या पोरांत शंभरात 43 खुरटलेली आहेत, आणि राखीव वर्गांबाहेरच्या पोरांत 31. मधली बारा पोरं कुणी खाल्ली, ते सांगायला प्रोफेसर लागत नाही. पण मोजायला लागतो. म्हणून मी अशा भागीदारीला सरसकट मोडीत काढत नाही. बाबासाहेब कोलंबियात शिकले आणि ती विद्या घेऊन 1927 साली महाडच्या तळ्यावर उतरले.

भांडण पुढं आहे. गोदीत जहाजावरनं माल उतरला की टॅली क्लार्क पोती मोजतो. शेडमध्ये गेला की पुन्हा मोजणी. दोन्ही टोकांना टॅली लागली पाहिजे, नाहीतर बोंब होते. विद्यापीठाची टॅली एकाच टोकाला. गोदीत आकडा म्हणजे पोत्यात रुतवायचं लोखंड, विद्यापीठात आकडा म्हणजे आपण. वस्तीतनं उचलायचा, इंग्रजीत छापायचा, दिल्ली-न्यूयॉर्कला धाडायचा. त्या संस्थेपासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड लांब नाही. 1927 पासून, म्हणजे महाडच्याच सालापासून, तिथं मुंबईचा कचरा पडलाय. त्या कचऱ्याकडेच्या एखाद्या आईला हा 43 चा आकडा कुणी मराठीत, हिंदीत वाचून दाखवलाय का?

आणि ते यूएसएड? 2025 साली बंद झालं. देणारा हात उठून गेला. खुरटलेलं पोर तिथंच आहे.

तेव्हा आपलं म्हणणं साधं आहे. विद्यापीठानं करार कुणाशीही करावा, पण सतराही उद्दिष्टांच्या हिशेबात जातीचा रकाना पाहिजे. अहवाल आधी वस्तीत, वस्तीच्या भाषेत वाचला पाहिजे. आणि प्रश्न काय विचारायचे हे ठरवायला वस्तीतली माणसं बसली पाहिजेत, मजुरी घेऊन, फुकट नाही.

हे मागायला डिग्री लागत नाही. उद्या तुमच्या दारात कुणी फॉर्म घेऊन आला तर त्याला चहा द्या, उत्तरं खरी द्या, आणि जाताना एवढंच विचारा: साहेब, उलटी टॅली कधी?

जय भीम.