मर्यादा : रेषेच्या अलीकडे थांबणारा शब्द

(पांढरकवडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



‘मर्यादा’ हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक मर्यादापुरुषोत्तम श्रीरामाच्या नावात आणि दुसरा पतसंस्थेच्या फलकावरील ‘मर्यादित’मध्ये. फलकावरचा शब्द सभासदाचे दायित्व कोठे संपते ते सांगतो. रामकथेतला शब्द कर्तव्य कोठे सुरू होते ते सांगतो. मग मूळ अर्थ कोणता?

यास्काचार्यांनी निरुक्तात ‘मर्य’ म्हणजे मनुष्य असे घेऊन, मनुष्यांनी जी स्वीकारली ती मर्यादा, अशी व्युत्पत्ती दिली आहे. सीमा दुसराही आखून देऊ शकतो. मर्यादा मात्र स्वतःच स्वीकारावी लागते. पित्याच्या वचनासाठी राम वनात निघाला, तेव्हा त्याच्या हातांत कोणी बेड्या घातल्या नव्हत्या.

पाणिनीने याहून सूक्ष्म भेद दाखविला आहे. संस्कृतातील ‘आ’ म्हणजे ‘पर्यंत’. पण त्याचे अर्थ दोन, मर्यादा आणि अभिविधी. ‘पाऊस पांढरकवड्यापर्यंत आला’ असे कोणी म्हणाले, तर गाव भिजले की नाही? भिजले असेल तर तो अभिविधी. पाऊस वेशीबाहेरच थांबला असेल तर ती मर्यादा. म्हणजे व्याकरणातही मर्यादा रेषेच्या अलीकडेच थांबते!

आता आपल्या शेताचा धुरा पाहा. धुरा दोघांचा असतो. दरवर्षी नांगराचा फाळ तो थोडाथोडा कोरतो. आधी गवत जाते, मग बाभळी जातात, शेवटी दोन भावांचे बोलणे जाते आणि प्रकरण तहसील कचेरीत पोहोचते. ‘धुऱ्यापर्यंत’ या शब्दात आपण मर्यादा वाचतो की अभिविधी, यावर घराची शांतता अवलंबून असते.

रानाचेही तसेच आहे. जवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला. नकाशावरच्या सीमा त्याला ठाऊक नव्हत्या. त्याआधी, २०१८ मध्ये, १३ जणांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ‘अवनी’ वाघीण पांढरकवडा वनविभागात गोळीला बळी पडली. पोटासाठी शेता-रानात गेलेली माणसे आपण गमावली आणि वाघीणही गमावली. वाघाला मर्यादा शिकवता येत नाही. रस्ते, शेते, वस्त्या यांचे आराखडे आखणाऱ्यालाच ती पाळता येते, कारण ती ‘मर्या’ची, म्हणजे माणसाची आहे.

म्हणून यंदा नांगर धुऱ्याशी पोहोचला, की एक तास अलीकडेच वळवावा. या शब्दाचा अर्थ तेवढ्या मोकळ्या पट्टीत आहे.