आवाज, पिकअप आणि मधला 'आणि'

रायपूरच्या तेलीबांध्यातून बोलतोय.

बुलेटला कुठला सायलेन्सर लावू, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आजचा अख्खा भाग त्यालाच दिला आहे. बाजारात नावं काय एकेक आहेत! शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन. मिठाईच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. आणि विचारणाऱ्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "आवाज जरा भारी हवा, आणि पिकअप पण वाढला पाहिजे." मला आज त्या मधल्या 'आणि'बद्दल बोलायचं आहे.

मी सैन्यात ईएमई कोअरमध्ये होतो. रणगाड्यापासून मोटरसायकलपर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करून परत द्यायचं, हे आमचं काम. त्यामुळे मी जे सांगणार ते वर्कशॉपमधलं आहे, शोरूममधलं नाही.

आधी एक कबूल करू. आवाज आवडणं यात चूक काही नाही. आपल्या मराठीनं या वाहनाला नावच आवाजावरून दिलंय, फटफटी. माझे आजोबा शेवटपर्यंत मोटरसायकल हा शब्द वापरायचे नाहीत. आणि ३५० सीसीच्या एका सिलिंडरचा ठोका का गोड लागतो याला साधा हिशेब आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. उभ्या गाडीत हजार आरपीएम धरा, म्हणजे मिनिटाला पाचशे स्फोट, सेकंदाला साधारण आठ. इतक्या सावकाश ठोक्यातला प्रत्येक ठोका कानाला सुटा लागतो. म्हणून डग डग डग. चार सिलिंडरच्या गाडीत हे सगळे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येते. तर तुमच्या कानाला जे आवडतं त्याला कारण आहे. आता त्याचा ताकदीशी काय संबंध, ते बघू.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला तप्त, दाबाखालचा वायू एकदम बेंड पाइपमध्ये सुटतो. रायफलच्या नळीतून गोळीमागून जो वायू बाहेर पडतो, तसाच हा प्रकार. हे मी उगीच जोडत नाही. १८८४ मध्ये मशीनगन बनवणारे हायरम मॅक्सिम तुम्हाला ठाऊक असतील. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम यानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि त्याच्याच कंपनीनं पुढे इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. प्रश्न एकच होता: दाबाखालचा वायू हवेत सोडायचा, पण एकदम नाही. कप्पे करायचे, त्याला पसरू द्यायचं, थंड होऊ द्यायचं, काचेच्या लोकरीत त्याचा जोर जिरवायचा. आणि वडील? आयुष्यभर स्वतःच्याच बंदुका कानाशी चालवून त्यांना उतारवयात जवळजवळ ऐकूच येत नसे. कानाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता लोक म्हणतात, कंपनीच्या सायलेन्सरमध्ये वायू अडतो, बॅकप्रेशर होतं, म्हणून मोकळा पाइप लावला की गाडी उडते. अर्धं खरं आहे. वायू अडला तर पिस्टनला तो ढकलायला ताकद घालवावी लागते, हे बरोबर. पण मोकळेपणा हा एकच गुण नाही. पाइपमधून वायूबरोबर दाबाच्या लाटाही धावतात. पाइप जिथे रुंद होतो किंवा संपतो तिथून लाट उलटी फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात, त्या क्षणी ती परतलेली लाट योग्य वेळी आली तर जुना वायू ओढून काढते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. चुकीच्या वेळी आली तर आत येणाऱ्या हवेलाच अडवते. ही वेळ पाइपची लांबी, जाडी आणि आरपीएम यावर ठरते. म्हणून एका आरपीएमला फायदा देणारा पाइप दुसऱ्या आरपीएमला तोटा देतो. वरच्या आरपीएमला मोकळी धावणारी गाडी शास्त्री चौकात सिग्नल सुटल्यावर आळशी वाटते, ती याचमुळे.

मग सायलेन्सर बदलल्यानं पिकअप वाढतो ही समजूत आली कुठून? माझ्या मते टू-स्ट्रोकमधून. आमच्या पिढीत यामाहा आरएक्स हंड्रेड ज्यानं चालवली त्याला ठाऊक आहे. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्हच नसतो, त्यामुळे ताजं मिश्रण बाहेर निसटतं, आणि ते परत आत ढकलायचं काम पोटफुग्या एक्झॉस्टमधून उलटलेली लाट करते. तिथे पाइप हा इंजिनाचाच भाग. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी ही विद्या इतकी पुढे नेली की १९६१ मध्ये त्यांचा रेसर एर्न्स्ट डेगनर स्पर्धेसाठी स्वीडनला गेला तो परतलाच नाही. ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसी गटात जगज्जेता झाला. एका सायलेन्सरच्या आकारासाठी माणूस देश सोडून गेला, मंडळी! पण तो टू-स्ट्रोकचा जमाना. आजची क्लासिक ३५० ही वीस हॉर्सपॉवरची, २७ न्यूटन मीटर टॉर्कची, सावकाश फिरणारी चार स्ट्रोक गाडी आहे. तिची रचनाच खालच्या आरपीएमला ओढण्यासाठी केलेली. तिथे नुसत्या सायलेन्सरनं मिळण्यासारखं फारच थोडं शिल्लक असतं.

माझ्या भाच्याला हे पटेना. "मामा, लावून बघितल्याशिवाय कसं कळणार?" म्हटलं, बरोबर आहे, बघू. एका ओळखीच्या मेकॅनिककडून शॉर्ट बॉटल मागून आणली. रस्त्यावर तिचा आवाज कायद्यात बसणारा नव्हता, म्हणून मित्राच्या राईस मिलच्या आवारातला सरळ काँक्रीटचा रस्ता घेतला. गाडी तीच, स्वार तोच, टायरमधली हवा तीच, टाकी सारखीच भरलेली. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर स्थिर, मग पूर्ण थ्रॉटल, साठला घड्याळ बंद. वाऱ्याचा हिशेब चुकू नये म्हणून दोन्ही दिशांनी, प्रत्येक सायलेन्सरला सहा-सहा वेळा. गंमत अशी की भाचा गाडीवरून उतरला तो ओरडतच, "फरक आहे, मामा, फरक आहे!" घड्याळात मात्र जो फरक होता तो माझ्या अंगठ्याच्या चुकीपेक्षा कमी. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा शरीराला वाटतोच. म्हणून मी म्हणतो, पाठीला काय वाटलं ते सांगू नका, घड्याळ दाखवा.

फोनवर आवाजही मोजला. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण त्याच फोननं, त्याच अंतरावरून मोजलं तर तुलना चालते. पंधरा डेसिबलच्या आसपास फरक आला. आता पंधरा म्हणजे काय? डेसिबलचं गणित बेरजेचं नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट. दहा वाढले की दहापट. पंधरा म्हणजे तीसपटीहून थोडं जास्त. म्हणजे आमच्या भाच्याची एक गाडी आवाजाच्या ऊर्जेत कंपनीच्या तीस गाड्यांएवढी झाली होती. पिकअप मात्र एकाच गाडीचा राहिला!

कायद्याचा आकडा सांगतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला मर्यादा ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, त्याखाली ७५. ही चाचणी गाडी पूर्ण थ्रॉटलनं समोरून जाताना, साडेसात मीटरवर माइक ठेवून होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे ज्या एआरएआयच्या नावानं त्या टेकडीला ओळखतात, तिथे गाड्यांच्या अशा चाचण्या होतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची मर्यादा मोडली तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. गाडीत बेकायदा बदल केला म्हणून १८२अ खाली पाच हजारांपर्यंत वेगळं. आणि हो, डब्यावर युरोपचा ई-मार्क आहे म्हणून तो आपल्याकडे मंजूर झाला असं होत नाही. पुणे असो, नागपूर असो, पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरच्या रांगेवर रोडरोलर फिरतानाचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. पंधरा-वीस हजार देऊन आणलेली पुंगळी अशी चपटी होते.

पण दंड हे माझं मुख्य कारण नाही. आता तेलीबांध्याचं सांगतो. आमच्याकडे तलाव आहे, त्याच्या काठाला सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात. दिवसा जमीन तापलेली असते, तेव्हा आवाज वर वाकतो आणि विरतो. थंडीच्या रात्री उलट होतं. पाण्यालगतची हवा गार, वरची तिच्यापेक्षा उबदार. अशा वेळी आवाज खाली वाकतो आणि पाण्याचा सपाट पृष्ठभाग तो शोषत नाही. त्यामुळे जीई रोडच्या बाजूला कुणी थ्रॉटल पिळला तर पलीकडच्या काठावर तो माझ्या खिडकीखालीच पिळल्यासारखा ऐकू येतो. शिवाय तीन हजार आरपीएमला स्फोट सेकंदाला पंचवीस. म्हणजे मूळ सूर फार खालचा, आणि खालचा सूर भिंतीला, काचेला जुमानत नाही. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमच्या मागच्या घरात नाईट ड्युटी करणाऱ्या एक नर्स राहतात. त्यांची रात्र सकाळी नऊला सुरू होते, त्यामुळे त्यांना तर नियमातल्या रात्रीचाही उपयोग नाही. भाच्याला मी त्यांच्या गॅलरीतले जाड काळे पडदे दाखवले. तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशीच गिअर टाकून हळू येतो.

आणि आता कान. माझ्या उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत असते, चोवीस तास. फायरिंग रेंज, इंजिनांची टेस्ट बेड, तीस वर्षं. तक्रार नाही करत, पेशाचा भाग होता तो. पण त्यामुळे एक हिशेब पाठ आहे. ८५ डेसिबल आठ तास, हे कामगारांसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं सुचवलेलं प्रमाण. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. हायवेच्या वेगाला हेल्मेटमध्ये नुसता वाराच शंभरच्या आसपास जातो. त्यात तुम्ही सायलेन्सरची भर घालणार! लांबच्या फेरीला फोमचे इअरप्लग घाला. चाळीस-पन्नास रुपयांना जोडी मिळते. मोठा आवाज असला की ट्रकवाल्याला आपण कळतो, म्हणून जीव वाचतो, असंही एक ऐकतो. एक्झॉस्टचं तोंड मागे असतं, ट्रक समोरून येत असतो, आणि कारवाला काचा लावून एसीत बसलेला असतो. त्यापेक्षा दिवा आणि भडक जॅकेट जास्त दिसतं.

वर्कशॉपमधलं आणखी एक. आमचे जुने हवालदार इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि कुठला टॅपेट ढिला आहे ते सांगायचे. चेन ढिली झाली की ती आधी बोलते. बेअरिंग जाण्याआधी कुरकुरतं. गाडीची ताकद टिकते ती असं वेळेवर ऐकल्यामुळे. एक्झॉस्टच इतका ओरडत असेल की बाकी काही ऐकू येत नाही, तर तुम्हाला पहिली खबर गाडी बंद पडल्यावर मिळणार.

बीएस सिक्स गाड्यांबद्दल थोडं. बेंड पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॉडेलप्रमाणे पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या पोटात. तो काढला की पीयूसी गेलंच, आणि पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ठरलेल्या नकाशाप्रमाणेच पेट्रोल देतो, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापू शकतं. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात ना, ते न जळलेलं पेट्रोल बाहेर पाइपात पेटल्याचे असतात. म्हणजे तुमच्याच पैशाचे.

तर खरंच पिकअप हवा असेल तर मी कुठून सुरुवात करेन? सिलिंडर हेडपाशी आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पपाशी गळती आहे का बघा. गाडी थंड असताना सुरू करून जोडाजवळ हात धरला तर फुंकर लगेच कळते. गॅस्केट शंभर-दोनशे रुपयांचं असतं. मग एअर फिल्टर, व्हॉल्व्हची फट, क्लचचा मोकळा खेळ, टायरमधली हवा, ब्रेक घासतोय का. 'गाडी ओढत नाही' म्हणून येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या माझ्याकडे इथेच बऱ्या झाल्यात. वजनासाठी सायलेन्सर बदलणाऱ्यांनी हिशेब करावा: १९५ किलोची गाडी, पंचाहत्तर किलोचे तुम्ही, त्यात तीन किलो वाचले तर किती टक्के? पोहे कमी खाल्लेले बरे.

तरीही सायलेन्सर बदलायचाच असेल, समजा जुना गंजला आहे, तर कंपनीचा किंवा कंपनीनंच तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेला घ्या. कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर राहतील याची खात्री करा, आणि डीबी किलर काढता येतो म्हणून दुकानदार खूष होऊन सांगत असेल तर तो सायलेन्सर तिथेच ठेवा. बसवण्याआधी आणि नंतर, त्याच जागी, त्याच फोननं, त्याच आरपीएमला आवाज मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

भाच्यानं शॉर्ट बॉटल परत केली. साठवलेल्या पैशांतून मागचा टायर आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट घेतला आहे, येत्या रविवारी बसवणार आहोत. चेन बसवताना ताण किती ठेवायचा आणि कुठे मोजायचा, ते पुढच्या भागात गाडी समोर ठेवूनच दाखवतो.